कुत्रा आणि ससा एकाच घरात: ओळख कशी करून द्यायची

कुत्र्याच्या पोटाला टेकून झोपलेल्या सशाचे व्हिडिओ हवे तेवढे सापडतात. त्याआधी किती आठवडे दोघं जाळीच्या अल्याडपल्याड बसून होते ते त्यात दिसत नाही, आणि जिथे प्रकरण बिघडलं तिथला व्हिडिओ कुणी टाकत नाही. मग घरात कुत्रा असताना ससा आणणाऱ्याला, किंवा ससा असताना कुत्रा आणणाऱ्याला वाटतं की दोघांना समोरासमोर आणायचं, जरा हुंगू द्यायचं, की झालं. ही घाई सशाच्या जिवावर बेतते.

पुढे दिलेल्या पद्धतीचा गाभा एका ओळीत सांगता येतो: कुत्रा पट्ट्यात, ससा मोकळा. शिकवायचं ते कुत्र्याला. जवळ यायचं की नाही हे ठरवायचं सशाने. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. ससा छोट्या पिंजऱ्यात असतो किंवा कुणीतरी छातीशी धरलेला असतो, आणि कुत्रा भोवती घिरट्या घालत असतो. ससा हलत नाही, ओरडत नाही, म्हणून सगळे खूश होतात की "बघा, घाबरला नाही". तो घाबरून थिजलेला असतो.

अपेक्षाही आधीच बेताची ठेवा. आपल्याला मैत्री घडवायची नाही. खोलीतून ससा गेला, कुत्र्याने डोळा उघडून पाहिलं आणि पुन्हा मान पंजांवर टेकवली, एवढं झालं तरी काम फत्ते. पुढे दोघांचं जमलंच तर तो बोनस.

दोघांच्या डोक्यात काय चाललेलं असतं

ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळपास सगळीकडचं एकाच वेळी दिसतं. दिसत नाही ते फक्त नाकासमोरचं आणि हनुवटीखालचं. कान वेगवेगळ्या दिशांना वळतात. धोका जाणवला की तो आधी थिजतो, मग पळतो, आणि पळायला वाट नसेल तर लाथा झाडतो. शेवटचा प्रकार त्याच्यासाठी सर्वांत घातक. सशाचे मागचे पाय ताकदीचे, पण हाडं हलकी. घाबरून जोरात झटका दिला तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. सशाला हातात घट्ट धरून कुत्र्याला दाखवायचं नाही, त्याचं हे एक कारण. दुसरं म्हणजे तो निसटला तर थेट कुत्र्यासमोर पडतो, तेही धडपडत.

कुत्रा शिकार करणाऱ्यांच्या वंशातला. शिकारीची त्याची एक साखळी असते: चाहूल घेणं, नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणं, मारणं. माणसाने वेगवेगळ्या जाती पैदा करताना या साखळीतल्या वेगवेगळ्या कड्या घट्ट केल्या. बॉर्डर कोली नजर रोखण्यात आणि दबा धरण्यात तरबेज. ग्रेहाउंड आणि व्हिपेट पाठलागासाठी. व्हिपेट तर सशांमागे धावण्यासाठीच ओळखला जाई. बीगल रानसशांचा माग काढण्यासाठी. डॅक्सहुंडचा सर्वांत लहान प्रकार सशांच्या बिळात शिरण्यासाठी तयार झाला. टेरिअर पकडून झटकण्यात पटाईत. म्हणजे "कुत्रा लहान आहे, काय करणार" हा हिशेब साफ चुकीचा. आणि रिट्रीव्हर शिकार हळुवार तोंडात धरतो म्हणून तो सशाला सुरक्षित, हाही गैरसमज. हळुवार धरलेल्या सशाचाही भीतीने जीव जाऊ शकतो.

जातीवरून अंदाज बांधता येतो, निकाल लावता येत नाही. सशाकडे ढुंकूनही न बघणारे ग्रेहाउंड असतात आणि सशापायी वेडे होणारे लॅब्रॅडॉरही. पण एक गोष्ट सगळ्यांना लागू आहे: सशामागे धावणारा कुत्रा रागावलेला नसतो. तो आनंदात असतो. त्यामुळे "आमचा कुणावर गुरकावतसुद्धा नाही" या वाक्यातून सशाच्या बाबतीत काहीच कळत नाही.

आधी कुत्र्याची तयारी

तुमच्या कुत्र्याने याआधी खार, कोंबडी, मांजर किंवा असा एखादा छोटा प्राणी पकडून मारला असेल, तर ओळख करून देण्याच्या फंदात पडू नका. दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवून ससा सुखाने जगू शकतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

बाकीच्यांनी ससा समोर आणण्याआधी चार गोष्टी पक्क्या करून घ्यायच्या: "बस", "थांब", "सोड" आणि "जागेवर". शब्द कुठलेही चालतील, पण घरातल्या सगळ्यांचे एकच हवेत. यातला "सोड" सर्वांत महत्त्वाचा, म्हणून तो जरा सविस्तर.

बंद मुठीत खाऊ धरून मूठ कुत्र्यासमोर न्या. तो हुंगेल, चाटेल, पंजाने ओरबाडेल. गप्प राहा. ज्या क्षणी तो नाक मागे घेईल त्या क्षणी "शाब्बास" म्हणा आणि दुसऱ्या हातातला खाऊ द्या. मुठीतला कधीच द्यायचा नाही. हे जमलं की उघडा तळहात, मग जमिनीवर ठेवलेला खाऊ, मग जमिनीवरून घरंगळणारा खाऊ, मग दोरीला बांधून ओढलेलं खेळणं. हलत्या वस्तूपर्यंत पोचल्याशिवाय पुढे जाऊ नका. बसलेला ससा बघून शांत राहणारे कुत्रे खूप असतात. तोच ससा आनंदाने उडी मारून खोलीभर सुसाट सुटला की त्यांच्यातले अनेक जागेवरून उठतात. खरी परीक्षा हालचालीची आहे.

"जागेवर" म्हणजे ठरावीक चटईवर जाऊन पडून राहणं. रोज थोडा वेळ, आधी काहीही चाललेलं नसताना, मग घरात वर्दळ असताना. या चटईवर त्याला आपोआप सैल पडायची सवय लागली की पुढचं निम्मं काम ती चटईच करते.

ओरडणं, पट्टा हिसकणं, चापट मारणं यांतलं काही नको. ससा दिसला की आपल्याला मार पडतो, एवढाच धडा कुत्रा त्यातून घेतो आणि सशाबद्दलची त्याची चीड वाढते. ससा दिसला की आपल्याकडे काहीतरी छान येतं, हे त्याला पटलं पाहिजे.

पिल्लांविषयी दोन शब्द. पिल्लाचा जगाशी ओळख करून घेण्याचा काळ साधारण 3 ते 14 आठवड्यांचा असतो, आणि त्या वयात ससा घरात रोज दिसत असेल तर ते फायद्याचंच. पण पिल्लू बेशिस्त, दिसेल ते तोंडात धरणारं आणि अंगावर झेप घेणारं असतं. शिवाय सहा महिन्यांनंतर, वयात येताना, तेच पिल्लू शिकलेलं बरंच विसरल्यासारखं वागतं. लहानपणापासून एकत्र वाढलेत म्हणून निर्धास्त झालेल्या घरांत धोका नेमका या काळात असतो. माझ्या मते नवख्या माणसासाठी पिल्लापेक्षा मध्यम वयाचा, सुस्त, ऐकणारा कुत्रा कितीतरी बरा.

सशाची जागा

ससा नवा असेल तर त्याला आधी घर, माणसं आणि आवाज यांची सवय होऊ द्या. तुमच्यासमोर निवांत खातो, अंग पसरून पडतो, खोलीभर हिंडतो, असं दिसलं की मग कुत्र्याचा विषय काढायचा. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. नसबंदी झालेली असली तर बरं. नसबंदी न झालेली मादी आपल्या जागेबद्दल फार आक्रमक असू शकते आणि कुत्र्याच्या नाकावर धावून जाते. त्यात कुत्र्याच्या डोळ्याला नखं लागू शकतात आणि उलट हल्ल्याचं निमित्तही मिळतं. मादीसाठी नसबंदीचं वेगळंही कारण आहे: तिच्यात वयाबरोबर गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. शस्त्रक्रियेनंतर स्वभाव निवळायला काही आठवडे द्या.

जोडीने राहणारे ससे असतील तर त्यांना वेगळं करू नका. जोडीदार शेजारी असला की ससा लवकर सावरतो. मात्र दोन सशांची एकमेकांशी जुळणी चालू असेल तर कुत्र्याचं प्रकरण त्यानंतर घ्या.

जागेबद्दल बोलायचं तर छोटा पिंजरा हा सशाचा निवारा नव्हेच. दोन सशांसाठी 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 1 मीटर उंच अशी कायम उपलब्ध जागा सुचवली जाते. एवढी जमत नसेल तर जमेल तेवढी मोठी द्या, पण चार गोष्टींत तडजोड नको. जाळीची उंची कुत्र्याला उडी मारून ओलांडता येणार नाही इतकी हवी. गज इतके जवळ हवेत की कुत्र्याचं नाक आणि पंजा आत जाणार नाही. आत किमान एक असा आडोसा हवा ज्याला दोन तोंडं आहेत, कारण एकाच तोंडाच्या पेटीत ससा कोंडला जातो आणि ते त्याला कळतं. आणि जमीन निसरडी नको. सशाच्या पंजाला कुत्र्यासारख्या गाद्या नसतात, तळवे केसाळ असतात. गुळगुळीत फरशीवर तो घसरतो, घसरला की घाबरतो, घाबरून धडपडतो, आणि धडपडणारा ससा कुत्र्याला थेट आमंत्रण देतो. सतरंजी किंवा रबरी चटई अंथरा.

पहिल्या महिन्यासाठी दुहेरी जाळी लावता आली तर उत्तम: सशाची जाळी, मग हातभर मोकळी जागा, मग दुसरी जाळी. मधल्या जागेमुळे नाकाला नाक लागत नाही.

पहिला टप्पा: फक्त वास

या टप्प्यात दोघं एकमेकांना दिसत नाहीत. सशाच्या अंगाखालचं फडकं कुत्र्याच्या खोलीत आणि कुत्र्याच्या अंथरुणाचा तुकडा सशाच्या जागेच्या एका कडेला ठेवा. आडोशाच्या किंवा खाण्याच्या जवळ ठेवायचं नाही. नको असेल तर सशाला त्यापासून लांब राहता आलं पाहिजे.

कुत्र्याने फडकं हुंगून सोडून दिलं तर ठीक. ते तोंडात धरून झटकू लागला, किंवा त्यावरून हटेचना, तर फडकं घ्या, "सोड"चा सराव वाढवा आणि पुन्हा करा. सशाने कापडावर हनुवटी घासली तर चांगली खूण; हनुवटीखालच्या ग्रंथींनी तो "हे माझं" असा शिक्का मारत असतो. पाय आपटले, खाणं कमी केलं, तर कापड आणखी लांब न्या.

नंतर खोल्यांची अदलाबदल. कुत्रा फिरायला गेला की ससा त्याच्या खोलीत हिंडेल. ससा आपल्या जाळीआड दुसरीकडे असताना कुत्रा, पट्ट्यात, सशाची रिकामी जागा हुंगून येईल. सशाच्या लेंड्या मात्र आधी झाडून घ्या, बहुतेक कुत्रे त्या मिटक्या मारत खातात. त्याने सहसा कुत्र्याला काही होत नाही, पण लक्ष सगळं तिकडेच लागतं.

दुसरा टप्पा: जाळीआडून

वेळ नीट निवडा. ससे पहाटे आणि संध्याकाळी सर्वांत चपळ असतात, दुपारी सुस्त. दुपारची वेळ बरी. कुत्र्याला आधी चांगलं फिरवून, दमवून, खायला घालून आणा. दोन माणसं हवीत: एकाचं लक्ष फक्त कुत्र्यावर, दुसऱ्याचं फक्त सशावर. एकट्याने दोघांकडे बघणं जमत नाही, कारण नजर नेहमी कुत्र्याकडेच जाते.

कुत्र्याला छातीच्या पट्ट्यात घालून खोलीच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या चटईवर आणा. पट्टा हातात, पण सैल. ताणलेला पट्टा कुत्र्याला आणखी चेतवतो. ससा आपल्या जागेत मोकळा, आडोसा उघडा. आता कुत्रा सशाकडे बघेल. बघू द्या. क्षणभर बघून त्याने तुमच्याकडे मान वळवली की लगेच खाऊ. नाही वळवली तर हळू आवाजात नाव घ्या. नावालाही दाद देत नसेल, खाऊकडेही बघत नसेल, तर अंतर कमी पडतंय. मागे सरका, खोलीबाहेर जावं लागलं तरी. ज्या अंतरावर त्याला ससा दिसतो आणि तरी तुमचं ऐकू येतं, तिथेच शिकणं होतं. त्याहून जवळ नुसती ओढाताण.

दोन-तीन मिनिटं पुरे. सगळं छान चाललेलं असतानाच थांबवायचं. "अजून थोडं" म्हणून ताणलेली भेट हमखास बिघडते. दिवसातून दोनदा अशा छोट्या भेटी घ्या आणि अंतर हळूहळू कमी करा. काही घरांत हा टप्पा दोन आठवड्यांत संपतो, काहींत काही महिने चालतो. कॅलेंडर बघून पुढे सरकू नका.

कुत्र्याच्या अंगावर काय वाचायचं? शरीर सैल, तोंड किंचित उघडं, डोळे मऊ, मध्येच जमीन हुंगतो, कूस बदलून पडतो: उत्तम. तोंड मिटलेलं, अंग ताठ, कान पुढे, नजर हलतच नाही, शेपूट वर ताठ: भेट संपवा, आत्ता. थरथरणं, बारीक कण्हणं, लाळ गळणं हेही धोक्याकडेच झुकतं. हलणाऱ्या शेपटीवर विसंबू नका, उत्तेजित कुत्राही शेपूट हलवतो. पुढचे पाय टेकवून पाठ वर करणारी खेळाची मुद्रा दिसली तरी आनंदून जाऊ नका. कुत्र्यांच्या भाषेत ते खेळायचं बोलावणं असेल, पण सशाला त्यातलं काही कळत नाही, आणि कुत्र्याच्या एका पंजाचा फटका त्याला पुरेसा आहे.

ससा काय सांगतोय

हा भाग मुद्दाम वेगळा काढला आहे, कारण चुका सर्वांत जास्त इथे होतात. कुत्रा भुंकतो, ओढतो, त्याचं सगळं दिसतं. ससा गप्प असतो, आणि त्या गप्प बसण्याचे दोन अगदी विरुद्ध अर्थ निघतात.

निवांत ससा पंजे अंगाखाली घेऊन बसतो किंवा मागचे पाय लांब पसरतो, कधी धपकन कुशीवर पडतो. तोंड धुतो, कान चाटतो, खातो. नाक सारखं पण सावकाश हलत असतं. घाबरून थिजलेला ससाही बसलेलाच असतो, पण जमिनीला चिकटून, अंग आखडून, कान पाठीला घट्ट टेकवून. डोळे विस्फारलेले, कडांना पांढरं दिसतं. नाक एकदम थांबतं किंवा वेड्यासारखं चालतं. श्वास जलद होतो. निवांत सशाचा श्वास मिनिटाला साधारण 30 ते 60 असतो.

शंका असेल तर खाऊची कसोटी लावा. त्याच्या आवडीचा पाला समोर धरा. खाल्ला तर चिंता नाही. एरवी झडप घालून घेणारा ससा तोंडाजवळ आलेला पाला हुंगतही नसेल, तर तो आपल्याला परवानगी देत नाहीये. मागचा पाय धाडकन आपटणं हा इशारा असतो. एकदा आपटला तर अंतर वाढवा, आपटतच राहिला तर त्या दिवशी बंद.

एक सल्ला काही ठिकाणी वाचायला मिळतो: सशाला उताणं करून मांडीवर घ्या, तो शांत झोपतो, मग कुत्र्याला हुंगू द्या. असं कधीही करू नका. उताणा ससा झोपलेला नसतो. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर मेल्यासारखं पडून राहण्याची ती शेवटची प्रतिक्रिया आहे.

भेटीनंतरही लक्ष ठेवा. ताणाने सशाचं पचन मंदावतं, आणि ते थांबलं तर जीव जाऊ शकतो. नेहमीइतकं खातोय का, लेंड्या नेहमीच्या आकाराच्या आणि नेहमीइतक्या पडताहेत का, हे रोज बघा. लेंड्या लहान आणि कमी झाल्या तर कुत्र्याबरोबरच्या भेटी काही दिवस थांबवा. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्याच टाकल्या नाहीत, तर सकाळ व्हायची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या.

तिसरा टप्पा: जाळीविना, पट्ट्यासह

जाळीच्या अगदी जवळ बसूनही कुत्रा पेंगतो आणि ससा त्याच्याकडे पाठ करून खातो, असं सलग बरेच दिवस दिसल्यावरच इकडे या. सशाने कुत्र्याकडे पाठ करणं ही मोठी पावती आहे.

मोठी खोली घ्या. सशाला पळायला किमान दोन आडोसे हवेत, आणि कुत्रा त्या दोन्हींच्या वाटेत नको. कुत्रा चटईवर पडलेला, पट्टा माणसाच्या हातात. खुर्चीला किंवा टेबलाला बांधलेला नव्हे. ससा आपल्या जागेतून स्वतः बाहेर येईल. नाही आला तर नाही आला, दार उघडं ठेवून बसा. त्याला उचलून कुत्र्याजवळ नेऊन ठेवणं म्हणजे आतापर्यंतची सगळी मेहनत पाण्यात घालणं.

ससा जवळ येऊन कुत्र्याला हुंगायला लागला तर कुत्र्याला हलू देऊ नका, हळू बोलत राहा, खाऊ पुढच्या पायांजवळ ठेवत राहा. दोन-तीन सेकंद हुंगून झालं की कुत्र्याला हाक मारून दोन पावलं मागे घ्या. कुत्र्याला सशाचा पार्श्वभाग हुंगायची फार हौस असते. सशाला मागून आलेलं नाक अजिबात आवडत नाही, तो वळून ओरबाडतो. ते टाळा.

मुसकं वापरावं का? टोपलीसारखं, तोंड उघडून धापा टाकता येतील असं मुसकं कुत्र्याला खाऊ देत देत आधीच सवयीचं केलं असेल तर जरूर वापरा. पण त्याच्या भरवशावर पट्टा सोडू नका. मुसकं घातलेला कुत्राही झेप घेऊन, पंजाने किंवा नाकाडाने ढकलून सशाची हाडं मोडू शकतो.

पुढे, बराच काळ काहीही न घडल्यावर, पट्टा जमिनीवर लोळता ठेवता येतो, म्हणजे गरज पडली तर त्यावर पाय देता येईल. पट्टा पूर्ण काढण्याची वेळ काही जोड्यांत येतच नाही, आणि त्यात वाईट काही नाही.

रोजचं घर

देखरेखीशिवाय दोघांना एकत्र सोडायचं नाही. कितीही वर्षं झाली तरी. दाराची बेल वाजते, फटाका फुटतो, ससा दचकून सुटतो आणि कुत्र्याचं शरीर विचार करण्याआधी धावतं. आंघोळीला जाताना, फोन घ्यायला आत जाताना मध्ये दार बंद. देखरेख म्हणजे त्याच खोलीत मोबाईलमध्ये डोकं घालून बसणंही नव्हे.

दोघांचं खाणं वेगळ्या जागी. हाडकं, चघळायची खेळणी, कुत्र्याची वाटी भेटीच्या खोलीत नकोत. शांत कुत्राही आपल्या हाडकाजवळ आलेल्या सशावर तोंड टाकतो. कुत्र्याचं खाणं सशाच्या पोटाला मुळीच चालत नाही, आणि सशाला उलटी करता येत नाही, म्हणजे चुकीचं पोटात गेलेलं बाहेर काढायची सोयच नाही.

घरात जमलं म्हणून अंगणात जमेल असं समजू नका. कुत्र्याच्या लेखी घरातला ससा आणि गवतावर पळणारा ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. बाहेरची ओळख पुन्हा पहिल्यापासून, जाळीसह. तसंच दोन कुत्रे असतील तर प्रत्येकाची ओळख वेगळी करा. एकेकटे सभ्य वागणारे दोन कुत्रे मिळून पाठलाग सुरू करतात. पाहुण्यांच्या कुत्र्याची तर ओळख करूनच देऊ नका, ससा बंद खोलीत ठेवा.

पिसवांच्या औषधाकडे विशेष लक्ष हवं. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या किंवा अंगावर फवारायच्या काही औषधांत फिप्रोनिल असतं, आणि ते सशासाठी विषारी आहे. कुत्र्याचं औषध "थोडंसं" सशाला लावायचा विचार मनातही आणू नका. कुत्र्याला असं औषध लावलं असेल तर ते पूर्ण सुकेपर्यंत दोघांना लांब ठेवा, कारण ससे जवळच्या प्राण्याला चाटतात. घरात ससा आहे हे पशुवैद्याला आधीच सांगितलं तर तो दुसरं औषध देईल. कुत्र्याचं जंताचं औषधही वेळेवर द्या. कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणाऱ्या एका फीतकृमीची अंडी गवतावाटे सशाच्या पोटात जाऊन तिथे वाढतात. खाज आणणारे काही किडे आणि नायटाही एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

जमत नसेल तर

महिने गेले तरी जाळीपाशी आल्यावर कुत्र्याची नजर हटत नाही, तो खाणं सोडतो, सशाच्या दारापाशी तासन्‌तास बसून राहतो, रात्री दार ओरबाडतो. किंवा ससा कुत्र्याच्या चाहुलीनेच आडोशात जातो आणि तास-तास बाहेर येत नाही. अशा वेळी थांबा. प्राण्यांच्या वर्तनाचा अनुभव असलेला पशुवैद्य किंवा प्रशिक्षक एकदा बघून जाऊ दे, आणि त्यानंतरही बदल नसेल तर वेगळी घडी बसवा: मध्ये दोन बंद दारं, कुत्रा फिरायला गेला की ससा मोकळा, सशाची खोली कुत्र्याच्या रोजच्या वाटेपासून लांब. अशा घरांत दोघंही सुखात राहतात. कुत्र्याच्या सततच्या नजरेखाली "एकत्र" राहण्यापेक्षा सशाला हे केव्हाही परवडतं.

कुत्र्याने पकडलंच तर

ससे बघणारा पशुवैद्य आधीच शोधून ठेवा आणि त्याचा नंबर भिंतीवर लावा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर ससे हाताळतात असं नाही.

पकड बसली तर ससा ओढू नका. सशाची कातडी पातळ असते, ओढल्याने ती फाटते आणि कुत्रा आणखी आवळतो. कुत्र्याचा गळपट्टा धरून त्याला झटका देण्यापासून रोखा आणि "सोड" म्हणा. एवढ्यासाठीच तो शब्द इतका घोटून घेतला. सुटल्यावर कुत्रा दुसऱ्या खोलीत, ससा टॉवेल अंथरलेल्या अंधाऱ्या, हवा खेळत्या खोक्यात. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा.

आणि जखम दिसत नसली तरी लगेच दवाखान्यात जा. दातांची भोकं दाट केसांत लपतात, आतले अवयव चेपलेले असू शकतात, कुत्र्याच्या तोंडातल्या जंतूंचा संसर्ग वेगाने पसरतो, आणि वरून धक्का असतोच. घरातली उरलेली अँटिबायोटिक्स देऊ नका; अमॉक्सिसिलिनसारखी तोंडाने दिलेली काही औषधं सशाच्या आतड्यातले गरजेचे जीवाणू मारून त्याचा जीव घेतात. पशुवैद्याने दिलेलं वेदनाशामक मात्र चुकवू नका, दुखत असलेला ससा खात नाही. पुढचे काही दिवस त्याच्या खाण्यावर आणि लेंड्यांवर बारीक नजर ठेवा, आणि या काळात कुत्र्याचा वाससुद्धा त्याच्या खोलीत जाणार नाही असं बघा: कुत्र्याला हात लावलात तर हात धुऊन, कपडे बदलूनच आत जा.